आम्हाला परस्पर कळलं

नातेवाइकांना कळवण्याच्या बातम्या मराठी घरात साधारणपणे तीन वर्गांत पडतात: कळवायच्या, कळू द्यायच्या आणि कळता कामा नयेत अशा. लग्न ठरणे, बाळ होणे, नोकरी लागणे, वास्तुशांत आणि मृत्यू या पहिल्या वर्गात येतात. बढती, नवी गाडी, मुलाचे दहावीचे ९४ टक्के आणि सिंगापूरची सहल या दुसऱ्या वर्गात. त्या सरळ सांगितल्या तर मिरवल्यासारखे दिसते, म्हणून त्या समोरच्याच्या गुडघ्याची चौकशी करायला केलेल्या फोनमध्ये ओघाने येतात. 'तुमचा गुडघा कसा आहे? चालत राहा हं. आम्हाला सिंगापूरला दिवसदिवस चालावं लागलं.' तिसऱ्या वर्गात कर्ज, मोडलेली सोयरीक, भावाभावांतला जमिनीचा दावा आणि वाढलेली शुगर. तिन्ही वर्गांतल्या बातम्या शेवटी सगळ्यांना कळतात. तिसऱ्या वर्गातल्या जरा लवकर.

बातमी काय आहे, याला मात्र नात्यात दुय्यम महत्त्व असते. ती कोणाला कधी कळली, हा खरा प्रश्न. भावाला मुलगी झाल्याचा आनंद आत्याला होतोच, पण किती व्हायचा ते आपल्याला मावशीच्या आधी कळले की नंतर, यावर अवलंबून. आणि इथे व्यवस्थेतच एक खोट आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. त्यामुळे दवाखान्याच्या दारात आजी, मावशी आणि मामा हजर. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान मात्र आत्याचा, आणि ती बापाच्या बाजूची, बहुधा दुसऱ्याच गावी. म्हणजे जिला आधी कळायला हवे तिच्यापर्यंत बातमी उशिरा जाणार, हे ठरलेलेच. मधल्या वेळात मावशीच्या जावेची बहीण आत्याच्या सोसायटीत राहत असली, तर आत्याला भाची झाल्याचे भाजीच्या गाडीपाशी समजते. यालाच परस्पर कळणे म्हणतात.

परस्पर कळल्याची तक्रार कधीही तक्रारीच्या सुरात केली जात नाही. 'नाही नाही, आनंदच आहे. कळलं हो आम्हाला. परस्पर कळलं.' एवढ्यावर विषय संपतो आणि पुढे दहा-बारा वर्षे चालतो. बातमी पोचवण्याची नवी नवी साधने आली, त्या प्रत्येकाबद्दल आता तरी सगळ्यांना एकदम कळेल अशी आशा बाळगली गेली. प्रत्यक्षात प्रत्येक साधनाने परस्पर कळण्याची एकेक नवी वाट काढून दिली.

त्यातले दीर्घकाळ टिकलेले साधन पोस्टकार्ड. १ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचे कार्ड मिळू लागले. इतक्या स्वस्तात खुशाली पोचत असल्याने ते घरोघरी गेले, आणि उघडे असल्याने ते घरोघरी वाचलेही गेले. गावात कार्ड आले की ते आधी पोस्टमन वाचे, मग ज्या दुकानात तो टपाल ठेवी तो दुकानदार, मग कार्ड घरी नेऊन देणारे शाळकरी पोर, आणि अखेरीस ज्याचे नाव वर आहे तो. त्याला वाचता येत नसेल तर पुन्हा पोस्टमनच वाचून दाखवी, आणि पहिल्या वाचनामुळे तयारी झालेली असल्याने चांगले वाचे.

कार्डावरची जागा मोजकी, आणि तिच्यातला मोठा हिस्सा मायन्याला लागे. माथ्यावर 'श्री', मग गाव, तिथी किंवा तारीख. वडिलांना तीर्थरूप, चुलत्याला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, पुढे 'कृ. सा. न. वि. वि.' किंवा अनेक उत्तम आशीर्वाद. यात चूक झाली तर बातमी बाजूला राहून मायन्याचीच चर्चा होई. त्यानंतर 'इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी' हे वाक्य येई, आणि ते घरात तीन माणसे तापाने अंथरुणाला खिळलेली असतानाही लिहिले जाई. मग पाऊस. पाऊस बरा आहे, पाऊस ओढ देतो आहे, पावसाने भाताचे नुकसान केले. इथवर कार्ड भरत आलेले असे, आणि ज्यासाठी ते लिहायला घेतले ती गोष्ट उरलेली असे. ती कार्ड आडवे करून समासात, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, 'ता. क.' म्हणून लिहीत. 'ता. क. ताईचे लग्न ठरले. मुलगा रेल्वेत आहे.' जुन्या कार्डांचा गठ्ठा चाळणाऱ्याने समासापासून सुरुवात करावी. पुष्कळ वेळ वाचतो.

उघड्यावर लिहायची नाही अशी गोष्ट असली तर 'सविस्तर भेटीअंती' असे लिहून तिथेच थांबत. ज्या कार्डावर हे दोन शब्द असतील त्याचा अभ्यास गावात सर्वांत जास्त होई. सविस्तर म्हणजे काय असावे, यावर ओसरीवर एकमत होऊन ते शेजारच्या गावी पोचलेले असे, आणि भेट अजून महिनाभर लांब असे.

काही बातम्या वाचायचीही गरज नसे. शुभवर्तमानाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे लागलेली असत. मृत्यूचे कार्ड कोपरा फाडून टाकत. ते वाचले की तिथेच फाडायचे, घरात ठेवायचे नाही. कोपरा नसलेले कार्ड पोस्टमनच्या हातात दिसले की आळीतली हालचाल थांबे आणि तो कोणत्या दारी वळतो याकडे सगळे बघत. उत्तर न देणाऱ्या नातेवाइकांसाठी टपाल खात्याने जोडकार्ड काढले होते: एक आपण लिहायचे, दुसरे कोरे, उत्तराचे पैसे आधीच भरलेले. ज्यांना उत्तर द्यायचे नसे ते त्या कोऱ्या भागावर तिसऱ्याच माणसाला पत्र लिहीत.

१९५० साली अंतर्देशीय पत्र आले. ते घडी करून चिकटवायचे असल्याने बाहेरच्यांची सोय बंद झाली आणि घरातल्यांची वाढली. हे पत्र एकट्याने लिहिण्याची प्रथाच नव्हती. ते टेबलावर उघडे ठेवले जाई आणि जाता-येता प्रत्येकाने त्यात दोन ओळी घालायच्या. वडील पहिला पूर्ण भाग घेत. त्याखाली आई लिही, 'वर ह्यांनी सर्व लिहिलेच आहे.' त्याखाली वहिनी, 'आईंनी वर लिहिलेच आहे.' मग मुले, 'आम्ही मजेत आहोत, तुम्ही कसे आहात?' अशा रीतीने चार माणसांनी मिळून एका माणसाएवढी बातमी दिलेली असे, पण कोणी लिहिले नाही हे मात्र उत्तरात अचूक विचारले जाई. 'धाकट्या सूनबाईंचे अक्षर दिसले नाही. त्या बऱ्या आहेत ना?' आत काही ठेवू नये अशी छापील सूचना या पत्रावर असे. राखीचे दोरे, देवाचा अंगारा, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि संक्रांतीला हलव्याचे चार दाणे या गोष्टी 'काही' या सदरात येत नाहीत, अशी सर्व मराठी घरांची समजूत होती. टपालाचा शिक्का नेमका हलव्यावर बसे.

पत्ता ही वेगळीच अडचण. वडगाव, पिंपळगाव, खेड ही नावे महाराष्ट्रात किती ठिकाणी आहेत याचा हिशेब करणे कठीण. एका वडगावची मुंज दुसऱ्या वडगावात वाचली जाई आणि तिथले लोक सभ्यपणे आशीर्वाद पाठवीत. या घोळावर १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडचा उपाय आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी होते. सहा आकड्यांत गाव सांगण्याची सवय लोकांना लागली नाही ती नाहीच. नातेवाइकाला पिनकोड विचारला तर तो आजही 'थांबा, विजेचं बिल बघून सांगतो' असे म्हणतो.

मुंबईतल्या चाकरमान्यांचे तंत्र निराळे होते. कोकणातल्या घरी पैसे मनीऑर्डरने जात, आणि फॉर्मच्या खालच्या बाजूला संदेशासाठी थोडी जागा असे. महिन्याभराचे वर्तमान त्या जागेत बसवण्याची कला गिरणगावातल्या खोल्यांमध्ये चांगलीच विकसित झाली होती. पोस्टमन पैसे मोजून देताना संदेशही वाचून दाखवी, त्यामुळे कोणाचा मुलगा किती पाठवतो आणि गणपतीला येणार की नाही, या दोन्ही गोष्टी वाडीला एकाच वेळी कळत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसत. घरगुती रुसवे, सासूची तक्रार, बायकोची आठवण, सगळे एका अनोळखी माणसाला सांगून त्याच्या भाषेत घरी पाठवायचे. त्या ठिकाणी निघालेल्या पत्रांतली माया थोडी अर्जाच्या वळणाची असे, पण घरी ती समजत असे.

तारेची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तीही थोडक्यातच असे. शब्दाला पैसे पडत. तार आली एवढे ऐकूनच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावत. उघडून वाचेपर्यंत थांबणे उगाच धीर धरल्यासारखे दिसले असते. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' या मजकुराचा अर्थ सीरियस नव्हे हे सर्वांना माहीत होते, पाठवणाऱ्याला आणि मिळणाऱ्यालाही. माणूस प्रवासभर आशा धरून यावा म्हणून ती सोय. याच मजकुराचा दुसरा उपयोग रजा मिळवण्यासाठी होई, आणि काही कारकुनांचे वडील नोकरीच्या काळात चार-चार वेळा गंभीर होऊन ठणठणीत बरे झाले. लग्न, दिवाळी, परीक्षा यांसाठी तार खात्याने शुभेच्छांची ठरावीक वाक्ये करून त्यांना क्रमांक दिले होते. नुसता क्रमांक सांगितला की पलीकडे अख्खे वाक्य उमटे. मराठी माणसाला एरवीही भावना क्रमांकाने सांगणे सोयीचे गेले असते. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली, तेव्हा ती चालू होती हे अनेकांना प्रथमच कळले.

टेलिफोनमुळे बातमी ऐकू येऊ लागली, निदान शेजाऱ्यांना. ट्रंक कॉल ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे आधी ठरवावे लागे. तीन मिनिटांतला पहिला भाग 'हॅलो, ऐकू येतंय का?' यात आणि दुसरा 'जोरात बोला' यात जाई. गाव जितके लांब तितके जोरात बोलायचे, असा नियम आपोआप झाला होता. सोलापूरला बोलायचे तर खिडक्या लावून घेत, दिल्लीला बोलायचे तर त्याचा उपयोग नसे. बहुतेकांच्या घरी फोन नव्हताच. व्हिजिटिंग कार्डावर 'पी. पी.' लिहून शेजाऱ्याचा नंबर दिलेला असे. त्यामुळे नातवाच्या जन्माची बातमी आजोबांच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मिळे, आणि त्या जिना चढताना ती तीन घरांत देत वर येत. आजोबांना नातू झाल्याचे त्याच्या वजनासह परस्पर कळे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एसटीडीची पिवळी बूथे गल्लोगल्ली उघडली. रात्री अकरानंतर दर पाव होत, म्हणून सर्व आनंदाच्या बातम्या अकराला पाच कमी असताना रांगेत उभ्या राहत. इकडे अवेळी वाजलेला फोन म्हणजे मृत्यूच, हा तारेच्या काळातला संस्कार ताजा होता. साडेअकराला घंटा वाजली की घर दचकून उठे, दिवे लागत, सर्वांत धीराचा माणूस रिसीव्हर उचले, आणि पलीकडून ऐकू येई, 'अहो, बबनला फर्स्ट क्लास मिळाला!' कित्येक चांगल्या बातम्यांना त्या काळात हवा तसा प्रतिसाद मिळाला नाही, त्याचे कारण हे आहे. मोबाइल आल्यावर काही वर्षे येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये ते थांबले. तोवर मिस्ड कॉल रुजला होता. 'पोचलो की एक मिस्ड कॉल दे' हा निरोपाचा भाग झाला, आणि चुकून उचलला गेलेला मिस्ड कॉल हा दोन्ही घरांतल्या खर्चाचा व भांडणाचा विषय.

फोनवरच्या संभाषणाला आज वेळेचे बंधन नाही, तरी त्याची रचना पोस्टकार्डाचीच राहिली आहे. जेवण झाले का, तुमच्याकडे उकाडा किती, गुडघा, कामवाली, आणि मग तिसऱ्याच कोणाच्या तरी घरची हकिगत. अर्ध्या तासाने 'बरं, ठेवते हं' असे म्हटले जाते, आणि बातमी त्यानंतर सुरू होते. 'ठेवते' हे आताचे 'ता. क.' आहे. अनुभवी माणसे या शब्दानंतर फोन ठेवत नाहीत, कान बदलतात.

वाईट बातमीचा विभाग स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण ती सांगण्याची मराठीत जुनी परंपरा आहे. पानिपतचा पराभव जानेवारी १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना समजला तो एका सावकारी पत्रातून: मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची मोजदाद नाही, अशा भाषेत. तेव्हापासून घराण्यातले कोणतेही आजारपण सरळ सांगितले गेलेले नाही. 'जरा कणकण होती' म्हणजे ताप. 'दाखवून आणलं' म्हणजे सगळ्या तपासण्या झाल्या. 'सहज दोन दिवस ठेवून घेतलंय, काळजीचं कारण नाही' म्हणजे काळजीचे कारण आहे. 'आता स्थिर आहेत' म्हणजे मध्ये नव्हते. आणि 'तुमच्या सवडीने येऊन जा' हे ऐकल्यावर शहाणी माणसे सवड बघत नाहीत. बायपास झाली तर 'छोटंसं ऑपरेशन' म्हणतात, मोतीबिंदू काढला तर मात्र कोणत्या डॉक्टरने, कोणती लेन्स, किती पॅकेज, टाका होता की बिनटाक्याचे, असा वृत्तांत मिळतो. बरे होऊन घरी आल्यावरच कळवणारेही एक घराणे प्रत्येक गोतावळ्यात असते. 'तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही' हे त्यांचे वाक्य. चांगल्या हेतूने बोललेल्या वाक्यांत नाती तोडण्याची इतकी ताकद दुसऱ्या कशात आढळत नाही. दुखण्यात धावून जाण्याचा हक्क त्याने हिरावलेला असतो, आणि शहाळी घेऊन जाण्याचाही.

मृत्यूच्या बातमीला सुतकाचे गणित जोडलेले आहे. जवळच्या भाऊबंदांना परंपरेने दहा दिवस. दहा दिवस उलटून गेल्यावर कळले तर तीन. बातमी कधी कळली यावर धर्मशास्त्रानेच सवलत ठेवल्यामुळे ती कधी कळू द्यावी, हे ठरवण्याची कामगिरी घरातल्या एखाद्या व्यवहारी काकांकडे येते. उद्या मांडव पडायचा आहे आणि आज गावाकडून फोन आला, अशा वेळी ते फोन घेतात, 'बरं' एवढेच म्हणतात आणि अक्षता पडेपर्यंत गप्प राहतात. पंगतीत ते ओळखू येतात. जिलबीला नको म्हणणारा आणि सतत फोन खिशात उलटा ठेवणारा मनुष्य तोच. पंगतीतल्या निम्म्या लोकांना ती बातमी अन्य मार्गांनी मिळालेली असते आणि तेही काकांना कळू नये म्हणून जिलबी खात असतात.

लग्नाचे आमंत्रण ही तर बातमी नव्हेच, कारण लग्न ठरल्याचे सर्वांना ठाऊक असते. तरी पत्रिका छापावी लागते, पहिली देवापुढे ठेवावी लागते आणि पुढच्या घरोघर न्याव्या लागतात. घरी जाऊन अक्षतांसह दिलेली पत्रिका पहिल्या दर्जाची, पोस्टाने आलेली दुसऱ्या, आणि मोबाइलवर पीडीएफ म्हणून ढकललेली तिसऱ्या. हे तिन्ही दर्जे एकाच भावकीत वाटले गेले असतील तर लग्न मोठे वादळी होते. पत्रिकेवर शेवटी घरातल्या बाळगोपाळांच्या तोंडी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' अशी ओळ असते. त्यातली काही बाळे लग्नाच्या वेळी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असतात. नावांच्या यादीत कोण राहिले, कोण कोणाच्या खाली गेले, हे पाहिल्यावर मग वधूवरांची नावे वाचली जातात. शहरात याच कामाला आता चौकातला फ्लेक्स लागला आहे. वाढदिवस, निवड, पुण्यस्मरण, सगळे तिथे शेजारीशेजारी. स्वतःच्या घरातल्या माणसाचा वाढदिवस सिग्नलला थांबल्यावर समजलेली कुटुंबेही असू शकतात.

कौटुंबिक वर्तमान पक्क्या बांधणीत हवे असणाऱ्यांसाठी कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकार मराठीत आहे. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मग वंशवेल, आणि प्रत्येक पानाफांदीवर माणसाचे शिक्षण, नोकरी, अपत्ये, पत्ता. हे काम बहुधा निवृत्तीनंतर एखादे गृहस्थ अंगावर घेतात. ते छापील फॉर्म पाठवतात. निम्मे लोक तो भरत नाहीत, चौथाई लोक अर्धवट भरतात, आणि उरलेले स्वतःच्या माहितीसाठी पुरवणी पाने जोडतात. कोणाचे टोपणनाव खरे म्हणून छापले जाते, कोणाची बदली झालेली असते, एखाद्या अविवाहिताचे ग्रंथ छपाईला गेल्यावर लग्न ठरते. ग्रंथ बाहेर पडला की ज्यांनी फॉर्म भरला नव्हता त्या निम्म्यांचे पत्र येते: 'आमची शाखा आपण वगळलेली दिसते. असो.' कुलसंमेलनात हे संपादक एका कोपऱ्यात बसलेले दिसतात आणि लोक रांगेने जाऊन त्यांना त्यांच्या चुका सांगतात.

व्हॉट्सॲपचा कुटुंबसमूह हा या सर्वांचा वारस. तिथे एकदा लिहिले की सर्वांना एकाच क्षणी कळते. म्हणजे परस्पर कळण्याचा प्रश्न तरी सुटायला हवा होता. समूहात आधी २५६ माणसे मावत, २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली, आणि मराठी गोतावळ्याला प्रथमच पुरेशी जागा मिळाली. लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. सर्वांना एकदम सांगणे हे कोणालाच न सांगण्यासारखे आहे, असे थोरल्यांचे मत पडले. 'ग्रुपवर कळलं' याचा दर्जा 'परस्पर कळलं' याच्या जवळपास, किंबहुना एक पायरी खालचा, कारण परस्पर सांगणाऱ्याने निदान तोंडाने सांगितलेले असते. म्हणून आता बातमी आधी पंधरा जणांना फोनवर सांगतात, मग ग्रुपवर टाकतात, आणि त्या पंधरा जणांनी ग्रुपवर 'अरे वा! कधी?' असे आश्चर्य व्यक्त करायचे असते. सोळाव्या माणसाला त्या आश्चर्याच्या वेगावरून काय ते समजते.

मुख्य समूहाच्या पोटात उपसमूह असतात. 'गोतावळा' नावाच्या समूहात सगळे; 'फक्त भावंडं' मध्ये सुना-जावई वजा; 'चुलत' मध्ये थोरले वजा; आणि एक समूह असा की त्यात सर्वजण आहेत, एक काका सोडून. बातम्या तिथे होतात आणि मुख्य समूहावर सुप्रभात होते. मजकुरांची गर्दी असल्यामुळे वरखाली प्रतिक्रिया सरकतात. काकांच्या निधनाखाली केक येतो, भाचीच्या वाढदिवसाखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि दुखवट्याच्या निरोपाला कोणीतरी अंगठा दाखवतो. तो शोक व्यक्त करण्याच्या प्रामाणिक हेतूने दाखवलेला असतो. २०१४ अखेरीस निळ्या खुणा आल्या आणि वाचून गप्प राहणारे उघडे पडले. पूर्वी 'पत्र मिळालं नाही' हे सभ्य उत्तर सर्वांना उपलब्ध होते. टपाल खाते ते दूषण बिनतक्रार घेई.

परदेशी गेलेल्यांमुळे बातमीला घड्याळही लागले. कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे, थंडीत साडेतेरा. तिथे मंगळवारी संध्याकाळी जन्मलेले बाळ इथे बुधवारी जन्मलेले असते, आणि आजोबा पंचांग उघडून बसलेले असतात. पत्रिका तिथल्या वेळेने की इथल्या, यावर बाळ दोन महिन्यांचे होईपर्यंत चर्चा चालते. वाढदिवसाच्या शुभेच्छा मग दरवर्षी एक दिवस आधी जातात. मुलीकडे सहा महिने राहायला गेलेले आईवडील रोज अहवाल पाठवतात. त्यात नायगारा एकदाच येतो. बाकी भेंडीचा डॉलरमधला भाव, त्याचे रुपये, रस्त्यावर कोणी दिसत नसल्याची नोंद आणि भेटलेल्या दुसऱ्या मराठी आजीआजोबांचे मूळ गाव. हे वाचायला कंटाळवाणे वाटते, पण त्याच माणसांनी पत्रात पावसाचा जो अहवाल दिला असता तोच हा, दुसऱ्या हवामानातला.

राहता राहिली परस्पर कळल्यानंतरची दुरुस्ती. तिची पद्धत ठरलेली आहे. चूक झालेल्या घरातले दोघे पेढ्यांचा डबा घेऊन समक्ष जातात. 'खरं तर सगळ्यांत आधी तुम्हालाच फोन लावला होता, लागतच नव्हता' असे सांगतात. पूर्वी हे वाक्य तपासता येत नसे. आता काकू चहा ठेवता ठेवता मोबाइल बघून येतात आणि काही बोलत नाहीत. पेढे खाल्ले जातात. पुढच्या खेपेला चूक होऊ नये म्हणून बातमी पहिल्यांदा काकूंनाच सांगितली जाते, 'अजून कोणालाच सांगितलं नाहीये, तुम्हीही बोलू नका' असे बजावून. इथे काकूंची पंचाईत होते. आपल्याला आधी कळले, पण आपल्याला आधी कळले हे कोणालाच माहीत नाही. दोन दिवस त्या कशाबशा काढतात. तिसऱ्या दिवशी मामींना फोन करतात, गुडघ्याचे विचारतात, उकाड्याचे बोलतात, 'ठेवते हं' म्हणतात आणि मग, 'तुम्हाला कळलंच असेल ना?' मामी म्हणतात, 'हो हो, कळलं की.' त्यांना काही कळलेले नसते. पुढचा पेढ्यांचा डबा मामींकडे जातो.